दोन ऐच्छिक विषय आणि काकांचा धुरा

२ जून १९८१
विद्यापीठाचं माहितीपत्रक आलं. एम.ए., आंतरराष्ट्रीय अभ्यास. पोस्टमन गुलाबभाऊंनी चौकात सगळ्यांसमोर विचारलं, "ईश्वर, इंटरनॅशनल म्हणजे बालाघाटच्या पलीकडं काय?" मी नुसता हसलो. डिप्लोमॅट असंच हसतात.
सिहोऱ्यातून या लाइनला जाणारा मी पहिलाच. बी.ए.ला थर्ड क्लास आहे, पण जागतिक राजकारणात पंचावन्न मार्क. पाहणारे तेच पाहतील.
सक्तीचे विषय चार. ऐच्छिक अठरा, त्यातले दोन निवडायचे. अर्ज पोचायची शेवटची तारीख १५ जुलै. संकल्प: तीन दिवसांत निवड. मग उरलेला महिना इंग्रजी.

५ जून, सकाळ
निवड झाली. एक, सोव्हिएत संघ. मोठा देश आहे, तर नोकरीही मोठीच असणार. दोन, लॅटिन अमेरिका. तिकडं भंडारा जिल्ह्यातून कोणी जात नाही, काँपिटिशन नाही. शाईनं लिहून टाकलं.

५ जून, संध्याकाळ
सोव्हिएत संघ घेतला तर रशियन भाषा सक्तीची. खोडलं. भाषेला मी भीत नाही. पण इंग्रजीचं आधीच चालू आहे, दोन्ही एकमेकींत मिसळतील.
लॅटिन अमेरिकाही खोडलं. फार लांब आहे. माय एकटी पडेल.

१४ जून
निवड बाकी. घाईनं धोरण ठरत नसतं.
बाबा म्हणाले, पऱ्हे टाकाले चाल, म्हणजे भाताची रोपं करायला. मी म्हटलं, कोर्स निवडून राहिलो. बाबा म्हणाले, "बैलजोडी निवडाले मले एक दिवस लागला. तुले दोन कागद निवडाले किती दिवस पायजे?" बैलाचे दात मोजता येतात, कोर्सचे येत नाहीत, असं उत्तर सुचलं. बाबा शेतावर गेल्यावर सुचलं.

२८ जून
गंभीर घटना. तेजरामकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या भिंतीला भिंत. आजोबांची बोडी, लहानसं तळं, दोघांची. तिचं पाणी आधी काकांच्या भाताच्या बांधीत येतं, तिथून आमच्या. काकांनी आज पाण्याचं मधलं तोंड चिखलानं बंद केलं. म्हणे बाबांनी मधला धुरा, दोन शेतांमधला मातीचा बांध, हातभर त्यांच्याकडं सरकवला. दोघांचं बोलणं बंद. आर्द्रा कोरडी चालली आहे, आमचे पऱ्हे पिवळे पडून राहिले. माय जेवली नाही.
मी मात्र शांत आहे. कोर्स नंबर अकरा: आंतरराष्ट्रीय नद्या व कायदा. देवानं प्रॅक्टिकल घरी पाठवलं. शाईनं लिहिला.

३० जून
वाटाघाटी सुरू. सकाळी काकांकडं गेलो. बाबांचा निरोप शब्दशः सांगितला, कारण दूतानं आपल्या पदरचं घालू नये. त्यात "तेज्या लहानपणापासून आडमुठा" हेही शब्दशः आलं.
काकांनी जो निरोप दिला तो बाबांना शब्दशः सांगितला.
संध्याकाळी काकांनी धुऱ्यावर आणखी वीतभर माती टाकली. पहिल्या फेरीत असं होतं. निदान दोन्ही बाजू बोलत्या झाल्या, माझ्याशी.

३ जुलै
पऱ्हे हिरवे दिसून राहिले! पाऊस नाही, तोंडही बंदच. वाटाघाटींनी वातावरण निवळतं, ते पिकालाही कळत असावं. मायला म्हटलं, बघ. माय म्हणाली, "हो बापा, तुह्याच कृपेनं." मायला विषयात गोडी लागली आहे.

५ जुलै
तहाचा मसुदा. कलमं अकरा. बाबांना वाचून दाखवला. "उभय पक्ष" शब्दावर अडले. म्हणाले, "उभय कोण? तो बसला आहे माह्या पाण्यावर. उभा तर मीच आहो." समजावलं की उभय म्हणजे दोन्ही. म्हणाले, मंग दोन्ही लिही, कायले उगीच.
काकांनी मसुदा घेतला, पाहिला, त्यावर तंबाखू चोळली.

७ जुलै
कोर्स बदलला. कायद्याची पोच कमी पडते, मुळात शस्त्रंच नकोत. नंबर सात: निःशस्त्रीकरण.
काल काकांनी फावडं उचलून बाबांकडं बोट दाखवलं होतं. म्हणून आज पहाटे दोन्ही घरची फावडी, कुदळी गोळा करून आमच्या तणसाच्या ढिगात लपवल्या. परिणाम: दोन्हीकडचे मजूर दिवसभर बसून. संध्याकाळी बाबा आणि काका पहिल्यांदा एका सुरात बोलले. विषय मी होतो. शब्द लिहीत नाही. पण एका सुरात बोलले, याची नोंद असावी.

९ जुलै
अर्ज उद्या टाकलाच पाहिजे. अडचण: रकाना इतका खोडला की कागदाला आरपार भोक पडलं. मागून कागदाचा तुकडा लावला. डिंक नव्हता, शिजल्या भातानं चिकटवला. आमचा भात चिकट असतो, काळजी नाही.
तुकड्यावर लिहिलं: निःशस्त्रीकरण, आणि सीमाप्रश्न. आता बदल नाही.

१० जुलै
सीमाप्रश्न काढून पश्चिम आशिया घातलं. तुकडा बदलला. अर्ज टाकला. गुलाबभाऊ म्हणाले, पाकिटाले मुंग्या काहून लागून राहिल्या? मी हसलो.

२१ जुलै
पाऊस पुरेसा नाही. बोलणी चौथ्या फेरीत. धुऱ्याचं खरं माप घेतल्याशिवाय मार्ग नाही. उद्या पहाटे, कोणी नसताना, टेप घेऊन जाणार. एकसदस्यीय सीमा आयोग.

२२ जुलै
पहाटे साडेपाचला धुऱ्यावर पोचलो. तिथं माय आणि कुंताकाकू. गवताचे भारे बाजूला, दोघी तोंडातला चिखल हातानं काढून राहिल्या. पाणी आमच्या बांधीत खळखळ चाललेलं. दोघी हसत होत्या. मला पाहून काकू आणखी हसली.
विचारलं, हे कधीपासून? माय म्हणाली, पहिल्या दिवसापासून. माणसं शेतावर यायच्या आधी तोंड उघडायचं, तासभर पाणी घ्यायचं, मग तोच चिखल थापून ठेवायचा. काका येऊन पाहतात, तोंड बंद. बाबा येऊन पाहतात, पऱ्हे हिरवे. दोघांचाही मान शाबूत. काकू म्हणाली, "पऱ्हे वाळले असते तं वर्षभर खाल्लं काय असतं? हे दोघं भाऊ तोंड फुगवून बसतीन, आपण उपाशी राहाचं काय?"
मी म्हटलं, मग एवढे दिवस मी काय करून राहिलो होतो?
माय म्हणाली, "दोन्ही घरचा चहा पिऊन राहिला होता."
टेप आणला होता म्हणून धुरा मोजला. दोघी भारे डोक्यावर घेऊन निघून गेल्या. जाताना मायनं मला बजावलं, कोणाला सांगायचं नाही. आकडा इथं लिहिणार नाही. कोणाच्याच कामाचा नाही.

३० जुलै
दोन दिवस चांगला पाऊस. काकांचा एक बैल लंगडून राहिला. सकाळी काका अंगणात आले, बाबांना म्हणाले, "दादा, चिखलणीले तुहा पांढऱ्या दे." बाबांनी दोर सोडून हातात दिला. म्हणाले, चारा टाकशीन त्याले. बस. कलम नाही, उभय पक्ष नाही. मला कोणी बोलावलंसुद्धा नाही. मी कुडाजवळच उभा होतो.

८ ऑगस्ट
गुलाबभाऊंनी पाकीट थेट बांधीवर आणून दिलं. दोन्ही घरची पऱ्ह्यांची रोवणी सोबत चालू होती. सगळे थांबले. बाबा म्हणाले, मोठ्यानं वाच.
अर्ज परत. ऐच्छिक विषयांचा रकाना अर्जावर आढळला नाही. तुकडा गळून गेला होता, भोकातून पलीकडं काकांचा बैल दिसत होता.
इंग्रजी होतं, काहीही सांगता आलं असतं. खरं तेच सांगितलं. कोणी हसलं नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. काका म्हणाले, "पुढल्या साली भर बाबू. पैसे लागले तं मी आहो." बाबांनी पऱ्ह्यांची पेंढी माझ्याकडं फेकली. झेलली.
कुंताकाकू वाकल्यावाकल्याच म्हणाली, "मंग ये ना आता. कोणत्या बांधीत उतरतं, आमच्या का तुमच्या?"
विचार करून सांगतो, म्हटलं.
तोवर दोन्ही बांध्या अर्ध्या लागून झाल्या होत्या.