सून आधी नांदेडला उतरणार

३ डिसें., बुध.
ऋषीचा फोन. पुढच्या बुधवारी सुनेला घेऊन येऊन राहिला. रजिस्टर लग्न बंगळूरलाच झालं, आता सासरी पहिलं पाऊल. लई आनंद झाला. मग म्हणे, "आई, विमान नांदेडचं आहे. दुपारी चारला उतरतं." झालं! नांदेडला माझी मोठी जाऊ. म्हणजे आधी तिच्याकडं मुक्काम, मग लातूर. इंजिनिअरिंगची चार वर्षं पोरगं तिच्याकडंच होतं. तिला मूलबाळ नाही, जीव लावला तिनं. पण मी राहायला पाठवलं होतं, देऊन टाकलं नव्हतं.

४ डिसें.
शाळेत ऑफ तासाला मोबाइलवर बघितलं. नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ, सरळ रेषेत सव्वाशे कि.मी. विमानानं जेमतेम अर्धा तास. आणि खाली लिहिलंय, थेट विमान नाही. मग वेळ कशाला सांगता मेल्यांनो! आम्हालाही धावपट्टी आहे, प्रवाशांचं विमान तेवढं नाही. गाडीनं तीन तास. एवढ्यासाठी माझी सून जाऊच्या उंबऱ्यावर माप ओलांडणार.

६ डिसें., शनि.
ह्यांना म्हटलं, विमानतळावरून गाडी थेट लातूरला घ्यायची, मधे उतरायचंच नाही. पेपरातून मान न काढता म्हणाले, वहिनी मोठ्या आहेत, मोठ्या घरी माप आधी, रीतच आहे. रीत! बाळंतकळा कुणी सोसल्या? भांडी आदळली.
मग ऋषीला फोन. त्यालाही तेच सांगितलं. "आई, काकूच्या दारावरून तसाच पुढं जाऊ?"
फोन ठेवून दिला. जळते मी तिच्यावर. इथं तरी खरं लिहावं.

८ डिसें.
जाऊबाईंचाच फोन. वाटलं, आता मिरवणार. तर म्हणाल्या, बुधवारी तूच ये, माप तूच आण, माझ्या दारात तुझ्या हातानं ठेव. हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भांडल्या असत्या तर मला चार शब्द बोलता तरी आले असते. चांगुलपणा करून माझं तोंड बंद करून राहिल्या.
पण मी एक ठरवलंय. ह्यांनाही सांगितलं नाही.

१० डिसें., बुध. नांदेड विमानतळ
विमानाला उशीर, म्हणून लिहीत बसले. पिशवीत माप, तांदूळ, कुंकू. इथंच, बाहेरच्या दारात ठेवणार. सुनेनं इथं ओलांडलं की जाऊबाईंच्या उंबऱ्याला काही उरत नाही. लोक हसले तर हसू देत.

जाऊबाई शेजारी. धपाट्यांचा डबा मांडीवर. ऋषीला नरम लागतात म्हणे. मला माहीत नव्हतं. आत्ता हळूच म्हणाल्या, "दर खेपेला त्याला न्यायला मी एकटीच यायची. त्या खांबापाशी उभी राहायची. आज तू आहेस, तर मी कुठं उभं राहावं, कळंना बघ."
दर खेपेला. मी एकदाही आले नाही, शाळा, परीक्षा, कायबाय. जळलेही आणि रडूही आलं.

विमान उतरलं म्हणतात. माणसं दाराकडं सरकली. म्हटलं, उठा ताई. "तू जा पुढं," म्हणाल्या, आणि डबा माझ्याकडं दिला. पिशवी पायाशी, डबा मांडीवर, त्यावरच ही वही. माप कुठं ठेवावं, आता मलाच कळंना; मीही अजून उठले नाही.