एकटीचा पंखा

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, तूही असशीलच. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, मग मीही 'बरं, ठेवते' म्हणते आणि बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र. कागदाला 'हं' म्हणून सुटता येत नाही.

मांजर व्यायली. पिल्लं तुझ्या पलंगाखाली आहेत, मी हुसकावत नाही. धक्क्याच्या पायऱ्या एकदाच्या दुरुस्त झाल्या.

आता बोटीचं. आपल्या मोटरचा पाण्यातला जुना पंखा गेला. पलीकडच्या काठाला लागताना खडकावर आपटला आणि पाती मुडपली. मोटर वाचली हे नशीब. मिस्त्रीकडे गेले. मला वाटलं, तसाच एक काढून देईल आणि मोकळा होईल. पण तो प्रश्नच विचारत बसला. बोट केवढी, माल किती, माणसं किती. म्हणाला, "ताई, मोटर तीच असली तरी पंखा ओझं बघून घ्यावा लागतो. पात्यांना पीळ कमी असला तर एका फेऱ्यात बोट थोडीच सरकते, पण भार ओढते. पीळ जास्त असला तर पळते, पण ओझ्याखाली मोटर दमते. बोटीत किती जण असता?"

मी म्हणाले, "दोघं."

तोंडातून निघून गेलं. तिथंच थांबायचं, तर वर सांगितलं, "दुसरा चांगला जाडजूड आहे. शिवाय पोती असतात." त्यानं कमी पिळाचा पंखा दिला.

पोती कुठली रे? तू गेल्यावर ती उचलणार कोण? जड माल मी केव्हाच सोडला. आता औषधं, टपाल आणि शाळेची पुस्तकं तेवढी नेते. नवा पंखा लावला आणि मोटर नुसती केकाटायला लागली. वेग म्हणशील तर नावाला. अशीच केकाटत राहिली असती तर कामातून गेली असती.

मग मी काय केलं? हसू नकोस. दोन पिंपं पाण्यानं भरली आणि पुढच्या फळीपाशी, तुझ्या जागेवर ठेवली. मोटर शहाण्यासारखी चालू लागली. तेव्हापासून मी पाण्यावरून पाणी वाहत होते. पिंपं बोलत नाहीत, पण सकाळच्या पहिल्या खेपेला तू तरी कुठं बोलायचास?

परवा मिस्त्रीलाच पलीकडे जायचं होतं. पिंपं बघून म्हणाला, "हे काय? पलीकडे पाणी मिळत नाही की काय?"

"मिळतं."

"मग तुमचं ते जाडजूड माणूस कुठाय?"

"शहरात. वर्षभर काम बघून येतो म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

मी बोट काठाकडे वळवली. उतरताना तो म्हणाला, "पंखा अजून नवाच आहे, बदलून देतो. पण या खेपेला खरं ओझं सांगा."

तुम्ही तिकडे घर घेतलंत हे तुझ्या बायकोकडून कळलं. तिला वाटलं, मला ठाऊकच असेल. शाळा जवळ, वर गच्ची. चांगलं झालं रे. मनापासून सांगते, आनंद झाला. आणि फोन ठेवल्यावर तुझ्या पलंगावर बसून खूप रडले. तू परत येणार नाहीस याचं वाईट वाटलंच, पण ते मला सांगायला घाबरलास याचं जास्त वाटलं. मी काय तुला खाणार होते का? फार तर चार शिव्या घातल्या असत्या.

काल पिंपं धक्क्यावर उलटी केली. मिस्त्रीकडे जाऊन म्हटलं, "बोटीत मी एकटीच असते." त्यानं काही न विचारता जास्त पिळाचा पंखा लावून दिला. बोट आता झरझर जाते. वेळेआधी घरी पोहोचते आणि मग काय करायचं ते सुचत नाही.

एक मात्र त्याला विचारून ठेवलं. कधी तू आलास, बायकोमुलांना घेऊन, तर या पंख्यावर चालेल का? म्हणाला, "मोटरला जड जाईल. वेग धरणार नाही. सावकाश न्यावी लागेल."

मला चालेल. तू ये. पुढच्या फळीवर बस. आपण सावकाश जाऊ.

तुझी,
हल्ली फार लवकर पोहोचणारी
ताई