कुंकवाखालचा चेहरा

५ जानेवारी, रविवार
ऐतिहासिक कादंबरीचं अकरावं प्रकरण संपलं. झक्कास झालंय — स्वतःच्याच तोंडानं म्हणतो, दुसरं कोण म्हणणार? दरबारी चितारी शंभुलिंग किल्लेदाराच्या बायकोचं चित्र काढतो, अन् ते बघताच किल्लेदार भर दरबारातून उठून जातो. का? ते शेवटच्या प्रकरणात.
राजेश्वरीला वाचून दाखवलं. "ते चित्र तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या, शिवानंदच्या घरात आहे, हे खरं कशावरून?" बायकोला शंका काढायची खोडच आहे. आहे म्हणजे आहे.

८ जानेवारी
उमरग्याहून स्कूटरवर शिवानंदच्या गावी. देव्हाऱ्यात लाकडी फळी, तिच्यावर ते चित्र. लुगड्याचा काठ, हातातलं कमळ, बोटं — कसलेला हात! पण चेहऱ्यावर पिढ्यान् पिढ्यांचं कुंकू अन् तेल. दर मंगळवारी लावतात, देवी म्हणून. जाड थर बसलाय. त्या चेहऱ्याशिवाय मी शेवटचं प्रकरण लिहिणार नाही.
शिवानंदची आई, सिद्धम्मा. त्यांना सगळे अव्वा म्हणतात. "आईच्या तोंडाला हात लावायचा न्हाय, सर." एवढंच बोलल्या अन् चहा ठेवायला गेल्या.
बघू. माझ्यापुढं कुणाचं 'न्हाय' फार दिवस टिकत नाही.

१२ जानेवारी
"अव्वा, जन्मभर हात जोडले. आईचं तोंड एकदा तरी बघितलं का?"
म्हणाल्या, "मोतीबिंदू हाय. मला तर तुमचं बी तोंड धड दिसंना."
मंगळवारी एकवीस तारखेला त्यांचं ऑपरेशन आहे. मी लगेच धरलं. "मग नव्या डोळ्यांनी पहिली आई बघा की. सोलापूरहून जाणकार माणूस आणतो. कापसानं हळूहळू कुंकू काढंल."
"बघू," म्हणाल्या. आमच्याकडं 'बघू' म्हणजे अर्धं हो. काम फत्ते.

१९ जानेवारी
शिवानंदचा सकाळीच फोन — अव्वांनी बोलावलंय. इस्त्रीचा सदरा घालून गेलो.
अव्वा दारातच. "माणूस कशाला आणता सर, उगं तरास. म्याच धुतली. चिंच लावून, राखंनं. देवाची भांडी घासते तशी. लई दिवस झोप नव्हती तुमच्या बोलण्यानं."
फळी अंगणात उन्हाला टेकवलेली. कुंकू गेलं होतं. बाईही गेली होती. काठ, कमळ, बोटं, सगळंच. नुसतं लाकूड. शिवानंद खाली बघत उभा.
अंगाचा नुसता भडका उडाला. ओरडणारच होतो.
"दिसती का? कशी हाय आई?" अव्वांनी विचारलं. डोळे दुधाळ, तोंड हसरं.
मी अकराव्या प्रकरणातलं चित्राचं वर्णन म्हणायला लागलो. रुंद कपाळ, जरा डावीकडं झुकलेली मान, हसू येता येता थांबलेलं. अव्वांनी हात जोडले. घरी आलो अन् जेवलो नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
ऑपरेशन नीट झालं म्हणे. राजेश्वरी म्हणाली, "उद्या पट्टी सुटल्यावर काय सांगणार?" माझ्याकडं कायम उत्तर तयार असतं. आज मी नुसता दिवा मालवला.

२२ जानेवारी
अव्वांचा फोन. "घरी आले सर. बघितली. तुमी सांगितल्यावानीच हाय." मग म्हणाल्या, "कुंकू लावलं परत. तुमी बी येऊन लावून जावा."