लेथ दुरुस्त करणारा हवा

सोमवार, ४
पोहोचलो एकदाचा! जिन्यात बॅगेसकट आपटलो आणि वहिनी खळखळून हसल्या. दादा गेल्यापासून या घरात कुणी हसलं नसावं, त्यामुळे गुडघा फुटल्याचं वाईट वाटलं नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की थेट दादाचा कारखाना. कारखाना कसला, तीन मशीन आणि एक खिडकी. ड्रिल आणि ग्राइंडर ठणठणीत आहेत. दादाचा लाडका जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, मात्र सुरू केला की कण्हतो आणि मापात काम देत नाही. याच लेथच्या फिरत्या चकमध्ये, लोखंड पकडणाऱ्या जबड्यात, दादाची बाही अडकली होती. तरी वहिनींना कारखाना विकायचा नाही, स्वतः चालवायचा आहे. चांगला मेकॅनिक शोधून देतो, असा शब्द मी जेवतानाच देऊन बसलो. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, पण फोन फिरवायला काय जातं?

बुधवार, ६
पहिला मेकॅनिक आला. असले लेथ आपण डोळे मिटून खोलतो, अशी बढाई मारत आत शिरला. बेअरिंग कसं तपासतात ते मात्र त्याच्यामुळे कळलं. लेथ चालू ठेवायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली खरखर सरळ कानात येते. त्याने मूठ कानाला लावली आणि बडबड थांबली. चहा तसाच टाकून, स्क्रू ड्रायव्हरही विसरून निघून गेला. वहिनी म्हणाल्या, तुम्ही यायच्या आधी आलेले दोघेही असेच पळाले. कामचुकार लेकाचे.

शनिवार, ९
आज खास माणूस आणला. दादाला ज्यांनी काम शिकवलं ते म्हातारे फिटर. त्यांनी बराच वेळ ऐकलं, मग डोळे पुसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, बाळा, हा दुरुस्त करू नकोस आणि चालवूही नकोस, भंगारात दे. मी चिडलो. वहिनींच्या पोटापाण्याचं काय, असं त्यांच्या तोंडावर विचारलं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मंगळवार, १२
दुपारी लेथचा आवाज आला म्हणून मागे गेलो. चकमध्ये लोखंडाचा तुकडा लावलेलाच नव्हता, लेथ नुसता फिरत होता. वहिनी तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसलेल्या, डोळे मिटलेले, चेहरा शांत. मला बघून दचकल्या नाहीत. भावजी, तुम्हीही ऐका, म्हणाल्या.
ऐकलं. खरखरीच्या आत दादा होता. मला ‘बारक्या’ म्हणाला. जगात मला बारक्या म्हणणारा तो एकटाच. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

शुक्रवार, १५
मेकॅनिकला फोन करणं बंद केलं. बेअरिंग बदललं तर दादा जाईल. आम्ही पाळीपाळीने ऐकतो. वहिनी जेवायला लागल्या आहेत, गुणगुणतात. दादाचे शब्द नीट कळत नाहीत, पण आवाज त्याचाच.

रविवार, १७
आज कळले. शब्द.
बारक्या, बंद कर. हात अडकलाय. बंद कर.
आपण लेथ चालू करतो तेव्हा तो— प्रत्येक वेळी तो पुन्हा—
वहिनींना सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणाल्या. पण बोलतात तरी ना.
त्यांच्यावर रागावायला हवं होतं. जमलं नाही. माझाही हात बटणाकडे जात होता.

सोमवार, १८
मेन फ्यूज काढून खिशात ठेवला. वहिनी माझ्या पाया पडल्या. एकदाच, फक्त एकदाच, म्हणाल्या. मी दिला नाही. दादासाठी दिला नाही. दिवसभर लेथला टेकून बसल्या आहेत. पाणीसुद्धा घेत नाहीत.

मंगळवार, १९
सकाळी आवाजाने जाग आली. लेथ फिरतोय. फ्यूज माझ्या खिशात आहे. चाचपून पाहिला, आहे.
वहिनी खोलीत नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत. त्यांच्या चपला लेथपाशी—
बटण दाबलं. पुन्हा दाबलं. थांबत नाही.
मूठ कानाला लावली.
दादा रडतोय. हिला का येऊ दिलंस, बारक्या—
आणि मागून वहिनी. भावजी, बंद करा. दुखतंय. बंद करा.
कसं करू, वहिनी? बंदच आहे हो. मी कालच बंद—