अकरा पाय आणि एक छिद्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, एकतीस वर्षे सर्किट बोर्डांचे लेआउट काढण्यात घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी संतापलेली आहे हे खरे, पण संताप म्हणजे वेड नव्हे, हे माझ्या धाकट्या भावाच्या वकिलाने आधीच लक्षात घ्यावे. ज्यात सर्व काही त्या भावाच्या नावे केले होते, ते जुने मृत्युपत्र मी रद्द करते.

१. भावाला काही का मिळणार नाही, ते प्रथम लिहिते.

आम्ही दोघे मिळून रुग्णालयांसाठी श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रे बनवत होतो. धंदा तो पाही, बोर्ड मी काढी. मुख्य चिपला ग्राउंडचे, म्हणजे वीज परत जाण्याचे, अकरा पाय होते. प्रत्येक पायाला मी त्याचे स्वतःचे छिद्र दिले होते, थेट खालच्या अखंड ग्राउंडच्या थरात उतरणारे. वीज घेणाऱ्या पायांना अगदी खेटून, हाताशी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर बसवले होते. ही माझी हौस नव्हती. चिपच्या बत्तीस रेषा एकाच क्षणी बदलतात, तेव्हा ती घटाघटा करंट ओढते आणि तितकाच परत फेकते. परतीची वाट आखूड आणि रुंद नसेल, तर तिच्या पायाखालचे ग्राउंडच क्षणभर उसळते आणि ती शून्याला एक समजून बसते.

मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर असताना भावाने जागा वाचवायला तो भाग बदलून घेतला. अकरा पाय केसाएवढ्या एका रेषेत बांधले आणि दोन सेंटिमीटर लांब एकाच छिद्रात नेऊन सोडले. कपॅसिटर बोर्डाच्या कडेला ढकलले. लेआउटच्या कोपऱ्यातली सही मात्र माझीच राहू दिली.

सहा महिन्यांनी एका वॉर्डात यंत्र गोठले. पडद्यावर श्वासाची जुनीच रेघ दिसत राहिली, अलार्म वाजला नाही. पलंगावरचे शाळामास्तर वाचले, पण त्यांची वाचा गेली आणि पाय गेले.

चौकशीत भावाने सांगितले, "सोल्डरिंग करणाऱ्या बाईंचा टाका कच्चा राहिला." त्या बाई एकोणीस वर्षे आमच्याकडे होत्या. त्यांना त्याच दिवशी काढले.

मी तो बोर्ड स्कोपला, विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, लावला. टाके सगळे पक्के होते. ग्राउंड उसळत होते. भावाला बोलावून पडदा दाखवला.

"हे तुझं काम," मी म्हणाले.

"ताई, सही तुझी आहे. तोंड उघडलंस तर आधी तूच आत जाशील. आणि कारखाना बंद पडला तर साठ माणसं रस्त्यावर येतील. एक बाई गेली, त्याचं काय एवढं?"

मी गप्प बसले. चार वर्षे. साठ माणसांसाठी, असे स्वतःला सांगत राहिले. ते खोटे आहे. मी घाबरले होते.

२. राहते घर मी सोल्डरिंगवाल्या बाईंना देणार होते. गेल्या रविवारी ते सांगायला गेले. त्या आता लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात.

"टाका कच्चा नव्हता हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारले.

"चार वर्षं झाली."

त्यांनी चादर खाली ठेवली. "आणि सांगणार मेल्यावर? एकाही कारखान्याने मला दारात उभं केलं नाही. मुलीच्या सासरी अजून टोमणे मारतात. घर देऊन माझं तोंड बंद करताय होय? तुमच्या भावाने निदान फुकटात बंद केलं. नको मला घर. जिवंत आहात तोवर बोला."

मला राग आला, उपकार नाकारला म्हणून. घरी पोचेपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला.

म्हणून घर मास्तर व त्यांच्या पत्नीला द्यावे. तळमजला आहे. दाराची रुंदी मी मोजली आहे, चाकाची खुर्ची आत जाते.

३. स्कोप, सूक्ष्मदर्शक आणि माझ्या वह्या तंत्रशाळेला द्याव्यात. अट एकच: "ग्राउंड काय, कुठेही जोडा" असे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या हाती लागू देऊ नयेत.

४. भावाला तो बोर्ड द्यावा. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये. खरे बोलायची वेळ होती तेव्हा तो चौकशीत खोटे बोलला.

५. सोमवारी मी चौकशी कार्यालयात जबाब दिला: स्कोपची चित्रे, दोन्ही लेआउट आणि माझे चार वर्षांचे मौन. अधिकारी म्हणाले, "परिणाम माहीत आहेत ना?" म्हटले, "माहीत आहेत." संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, काय करून बसलीस हे!" मी म्हणाले, "जे चार वर्षांपूर्वी करायचं होतं ते," आणि फोन ठेवला.

६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने त्यावर साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले. सोल्डरिंगवाल्या बाईंना यातून काहीही मिळत नाही. म्हणून मी त्यांना बोलावले. त्यांनी जबाबाची पोच दोनदा वाचली, मग पेन मागितले.

स्थळ: माझे कामाचे टेबल
दिनांक: ४ मार्च, बुधवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही). व्यवसाय: डॉक्टर
साक्षीदार २: (सही). व्यवसाय: ~~लाँड्री~~ सोल्डरिंग कारागीर
(खाडाखोड साक्षीदाराने स्वतः केली आहे. ती मला मान्य आहे.)