म्हाळू शिपायाचा सत्कार

न्हावरे, ता. शिरूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. नवनाथ यास,
आबाचा सप्रेम जय भीम आन् आशीर्वाद. इकडं सगळी खुशाल.

परवा मालिकेत तू परत मेलास. तुझी वहिनी तव्यावर भाकरी टाकून बघत बसली, भाकरी पार करपली. ह्या वर्षातलं हे तुझं तिसरं मरण, आता जरा जगायची कामं घे, असं तिनं लिहायला सांगितलंय.

दौंडच्या नाट्यमंडळाचे सत्यजीत घरी येऊन गेले. तुला नाटकात पन्नास वर्षं झाली म्हणून १५ डिसेंबरला सत्कार करायचा म्हणत्यात. फौजदार, तलाठी, नवरीचा बाप, सगळं केलंस तू, पण लोकांना अजून तुझा तोतरा म्हाळू शिपाईच पाहिजे. त्या नाटकातला एक प्रवेश करावा, अशी त्यांची विनंती. तू फोनवर त्यांना न्हाई म्हणालास. का रे बाबा? माझी तोतरी जीभ फोनवर पहिल्याच शब्दाला अडते, म्हणून पत्रातच विचारतो.

मोठा भाऊ म्हणून मीबी दोन शब्द बोलावं, असं ते म्हणाले. मी व्हय म्हणून बसलो. गोठ्यात म्हशींपुढं तालीम चालू हाय. त्या काही हसत न्हाईत.

पत्राची वाट बघतो. माया पातळ करू नको.
तुझा,
जालिंदर आबा


पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
नवनाथचा सविनय जय भीम.

तुम्ही बोलणार हे वाचून आनंद झाला आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. आता सांगतोच. म्हाळू शिपाई मी तुमच्यावरून उचलला.

१९७९ साली दिग्दर्शक म्हणाले, की हा शिपाई कागदी झालाय, कुठून तरी जिवंत माणूस आण. मी गावी आलो, चार दिवस तुमच्याजवळ बसलो आणि मुद्दाम एकेक प्रश्न विचारत राहिलो. तुमचा शब्द अडला की अंगठा मांडीवर तीनदा आपटायचा, डोळे गच्च मिटायचे, मानेला झटका बसायचा आणि मग शब्द सुटायचा. तुम्हाला वाटत होतं, भाऊ मायेनं विचारपूस करतोय. मी नक्कल पाठ करत होतो, आबा. पुण्यात तसंच्या तसं केलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढची सगळी कामं मला त्या हशानं मिळवून दिली.

लाज वाटते. पंचेचाळीस वर्षं न्हावऱ्याला येतोय, तुमच्या ताटात जेवतोय, पण सांगायची छाती झाली नाही. आता सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. नाही म्हणू नका.

वहिनींना जय भीम सांगा. हे वाचून जेवढा लोभ उरेल, तेवढा असू द्या.
तुमचा,
नवनाथ


न्हावरे
२४ नोव्हेंबर २०२४

चि. नवनाथ यास,
जय भीम, आशीर्वाद.

येडा हायस का तू? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गळीत हंगामात कारखान्याच्या पटांगणात तुझा प्रयोग लागला, तवा ऊस मोजायच्या काट्यावरची आमची सगळी माणसं मी हौसेनं घेऊन गेलो होतो. तू मांडीवर अंगठा आपटलास आन् मी माझाच अंगठा वळखला. मग मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो, म्हंजी कुणाला संशय नको. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर आलेल्या पहिल्याच गाडीवानानं मला म्हाळू म्हणून हाक मारली. रिटायर होईतो तेच नाव.

सीमाच्या लग्नात पोरीचा बाप असून मी पाव्हण्यांचे आभार मानायला उठलो न्हाई. तू विचारलंस, तवा घसा बसलाय म्हणालो. घसा चांगला होता. तुझा राग आला होता, खोटं कशाला लिहू?

पण माफी स्टेजवर मागू नको. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांनाबी कळंल. आन् तुला मी वळखतो, तू अशी माफी मागशील की बाया डोळं पुसतील आन् टाळ्या पडतील. तसली माफी मला नको. म्हाळूबी करू नको. नुसता ये. मला एक गोष्ट लोकांपुढं सांगायची हाय, तेवढं माझ्याजवळ उभा राहून ऐक.

नक्की ये. वहिनीची माया हाय, माझीबी हाय.
तुझा,
आबा


पुणे
१७ डिसेंबर २०२४

ती. आबांस,
जय भीम.

कोणत्या तोंडानं लिहू? तुम्ही माइकपुढं आलात. पहिलाच शब्द अडला आणि अंगठा मांडीवर गेला. अख्खं सभागृह हसायला लागलं. त्यांना वाटलं, मोठा भाऊ म्हाळूची नक्कल करतोय. मागून कुणीतरी वन्समोअर ओरडलं.

मी चार पावलांवर होतो. हे माझे आबा असेच बोलतात, नक्कल मी केली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. आबा, मी हसलो. समोर हशा आला की माझा चेहरा आपसूक हसतो, जन्मभराची खोड. हात जोडून लोकांकडं बघून हसलो. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत, ते डोळ्यांपुढून हटत नाही.

तुम्ही थांबला नाहीत, बोलतच राहिलात, पण टाळ्याशिट्ट्यांत मला काही ऐकू आलं नाही. नंतर शाल, नारळ, फोटो. मी बाहेर येईपर्यंत तुम्ही न जेवताच वहिनींना घेऊन एसटीनं निघून गेला होतात. शरम वाटते हो. त्या शालीला मी हात लावलेला नाही.

विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो. काय बोललात तुम्ही?

लोभ मागायची लायकी नाही.
नवनाथ


न्हावरे
२२ डिसेंबर २०२४

चि. नवनाथ यास,
जय भीम.

तू हसलास ते मी बघितलं. लई लागलं. अजून लागतंय. वहिनी तुझ्याशी बोलणार न्हाई म्हणते. तिचं मन वळंल तवा वळंल, मी मधी पडणार न्हाई.

काय बोललो ते विचारलंस. त्या हशात मी वाक्य अर्धं सोडलं न्हाई, शेवटापर्यंत नेलं. कुणाला ऐकू गेलं न्हाई, म्हणून लिहून देतो. मी म्हणालो, की कारखान्यात भरतीला गेलो तवा साहेबांनी नाव विचारलं आन् मला माझंच नाव सांगता येईना. साहेब पुढच्या माणसाला बोलवायला लागले. तवा माझ्यासंगं आलेला सोळा वर्षांचा नवनाथ टेबलापुढं जाऊन उभा राहिला. ह्याचं नाव जालिंदर, ह्याचा हिशेब पक्का हाय, ह्याला बोलायला वेळ लागतो तेवढा द्या, असं सगळ्यांदेखत सांगितलं. तिथं एक माणूस हसला न्हाई. माझी भाकरी त्या दिवसापासून चालू झाली. हे लोकांपुढं एकदा सांगायचं राहिलं होतं, ते सांगतो.

एवढंच होतं.

आशीर्वाद हायतच.
तुझा,
आबा