रिकाम्या गल्लीतलं वाळवण

माय, आज सकाळपासून आपल्या गल्लीतून एकही गाडी गेलेली नाही. कडुनिंबाखाली तुझी बाज टाकली आहे, तिच्यावर तुझंच पांढरं लुगडं अंथरलं आहे, लुगड्यावर कुरडया आहेत, आणि शेजारी खुर्ची घेऊन मी राखण करते आहे. हातात काठी, काठीला काळं फडकं. तू असतीस तर दारातून म्हणाली असतीस, "आता कसं, नोकरी लागली पोट्टीले." ऊन मेडशी गावाच्या बाजूने चढत आलं आहे, सावली सरकली की खुर्ची सरकवते, आणि मधल्या वेळात हे लिहिते.

तुला मी कधी पत्र लिहिलंच नाही. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून लिहायचे ती बाबांच्या नावाने. ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे आणि तू आत भाकऱ्या थापत ऐकायचीस. शेजारचेही ऐकायचे. म्हणून त्या पत्रांत मी चारचौघांत वाचता येईल तेवढंच लिहायचे: तब्येत बरी आहे, परीक्षा झाली, पांघरूण पाठवा. तिथल्या रात्री तुझ्या नावाने किती रडले, हे ओसरीवर वाचून दाखवायची गोष्ट नव्हती. आता बाबा नाहीत, ओसरीही नाही, तिथे भावाने लोखंडी शटर लावून ठेवलं आहे. मध्ये वाचणारं कोणी उरलं नाही, तर म्हटलं एकदा तुलाच लिहावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी यायचे तेव्हा ही गल्ली गल्ली नसायचीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत बाजा, बाजांवर लुगडी, लुगड्यांवर पापड, शेवया, कुरडया. आज हिच्या घरचं, उद्या तिच्या घरचं, आणि प्रत्येक घरी सगळ्या बायका. अजून फटफटलेलंही नाही आणि तू चुलीवर कुरडयांसाठी गव्हाचा चीक हाटते आहेस, तुझा पदर कमरेला, कपाळावर घाम, आणि समोरची काकू सोऱ्या धुऊन तयार. मला वासानेच जाग येते. मी चुलीजवळ येते तशी तू ओरडतेस, "दूर व्हय, हात पोळन! तुले इंग्रजी शिकाचं हाये, हे नाई." आणि वाटीत गरम चीक, वर तेलाची धार घालून मला बाहेर पिटाळतेस. माझं काम ठरलेलं. काळ्या फडक्याची काठी घ्यायची आणि कावळे हाकलायचे.

एकदा मी पुस्तकात बुडाले. सिस्टरने सुट्टीसाठी दिलेलं गोष्टींचं पुस्तक होतं, चित्रात बर्फ पडत होता. तेवढ्यात कोणाची तरी बकरी आली आणि तिने बाजेची एक कड साफ केली. तू धावत आलीस, बकरीला घालवलंस, आणि मग माझ्यासमोर उभी राहिलीस. मारलं नाहीस. "देवानं तोंड देलं हाये नं तुले? मंग ओरडली काहून नाई? बकरीले तुयं पुस्तक दिसते का?" सगळ्या बायका हसल्या. मी त्या दिवशी इतकी ओरडले की संध्याकाळपर्यंत गल्लीत कुत्रंही फिरकलं नाही. ते ओरडणं मग अंगातच राहिलं. नागपूरच्या ऑफिसात साहेब लोक माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. दोन-तीन स्थळं आली होती, तीही मी तशीच घालवली, ते तुला ठाऊकच आहे.

निवृत्त झाल्यावर मी इकडे आले. का आलीस, असं भावाने पुण्याहून फोनवर विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईचं घर आहे, तिकीट काढावं लागतं का? पण आले तेव्हा गल्लीत एकही बाज नव्हती. गाड्या होत्या. महादेवाच्या टेकडीखालचा आपला तलाव, जिथे तू गोधड्या धुवायचीस, तो आता 'क' वर्ग पर्यटनस्थळ आहे. तिथे नावा आहेत, रंगवलेले कठडे आहेत, आणि 'आय लव्ह' लिहून पुढे लाल बदाम आणि गावाचं नाव अशी माणसापेक्षा उंच अक्षरं आहेत. गावावर प्रेम आहे हे गावाला इंग्रजीत का सांगावं लागतं, ते मला माझ्या कॉन्व्हेंटातही कोणी शिकवलं नाही. तलावाला जायला गावाबाहेरून शेतांमधली पांदण आहे, पण फोनमधल्या नकाशाला आपली गल्ली सापडली. रविवारी आणि सुट्टीत वाशीम, अकोला, कुठून कुठून गाड्या या बोळातून जायच्या. हॉर्न, धूळ, गाणी, खिडकीतून फेकलेल्या पिशव्या.

मागच्या उन्हाळ्यात मी गादीला ऊन दाखवायला तुझी बाज बाहेर काढली. एक पांढरी गाडी आली आणि आतला माणूस म्हणाला, "आजी, बाज हटवा ना, गाडी निघत नाही." मी म्हटलं, "निघत नाही तर घरी ठेवायची. बाहेर कशाला काढली?" तो मागे गेला, पण जाताना बाजेचा एक पाय मोडून गेला. आठ दिवसांत ग्रामपंचायतीने भिंतीवर सूचना रंगवली: रस्त्यावर बाज, खाट, वाळवण टाकण्यास मनाई आहे. आपल्याच भिंतीवर, माय. मला न विचारता. मी सुताराकडून पाय बसवून घेतला आणि तीन पानी अर्ज दिला.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंच म्हणजे वरच्या आळीची सून, समजूतदार मुलगी, पण बोलत होता तिचा नवरा. मी विचारलं, "निवडून कोण आलं आहे? खुर्चीवरचं माणूस बोलणार की खुर्चीमागचं?" लोक हसले, आणि मग ती स्वतः बोलली. "मॅडम, गावात चार पैसे येऊन राह्यले. रस्ता बंद केला तं लोक येनार नाईत." मी म्हटलं, रस्ता बंद कोण म्हणतं? पांदण आहे, मुरूम टाका, गाड्या तिकडून न्या. ई-क्लासच्या मोकळ्या सरकारी जागेत लावू द्या. उन्हाळाभर दुपारपर्यंत ही गल्ली बायकांची असू द्या, त्यांच्या वाळवणाची, जशी पूर्वी होती. ग्रामसेवक म्हणाले की सूचना रीतसर काढलेली आहे. मी त्यांना रीत सांगितली, कलमासकट. सरपंच मागे बसलेल्या बायकांकडे वळली. "सांगा नं बायाहो, कोनाले बाज टाकाची हाये? मनमोकळं सांगा."

बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. समोरच्या काकूची सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, पुरुषांसमोर कशा बोलतील बिचाऱ्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "यांच्या वतीने मी बोलते." आणि बोलले, माय. तुझ्या चिकाचा वास, गल्लीभर पांढरी लुगडी, सगळं सांगितलं. ठराव एकमताने झाला. घरी येताना मला असं वाटत होतं की तू ओट्यावर उभी असशील.

पाडव्यानंतर गल्लीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब बसले, दुपारपुरते नाही, कायमचेच. भिंतीवरची सूचना पुसून उलटी सूचना रंगवली गेली. पहिल्या सकाळी मी लवकर उठले, अंगणात सडा घातला, बाज बाहेर काढली आणि बायकांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. उलट एकेक दार उघडलं आणि एकेक बाई डोक्यावर शेगडी, काखेत पातेलं, हातात तेलाचा डबा घेऊन बाहेर पडली. समोरच्या काकूची सूनही निघाली. मी विचारलं, "कुठे ग? कुरडया घालायच्या नाहीत?"

"कुरडया कायच्या मॅडम? दुकान हालवून राह्यली. गाड्या तिकडं गेल्या नं."

तेव्हा मला कळलं की गल्लीत मी गाड्याच पाहत होते. दारापुढच्या निंबाच्या सावलीत ती रविवारी भजी-चहा विकायची, बाकीच्याही काहीबाही विकायच्या, आणि तो सगळा पसारा मी माझ्या खिडकीतून 'गोंधळ' या एका शब्दात गुंडाळून ठेवला होता. समोरच्या घरातली माणसं दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, लेकरांना बिऱ्हाडासोबत घेऊन. ती म्हणाली, "यंदा पयल्यांदा गाव सोडलं नाई आमी. घराले कुलूप लागलं नाई." आता ई-क्लासच्या माळावर झाड नाही. ती भर उन्हात शेगडीसमोर बसते.

मी संतापले. काय करणार, मला तेवढंच येतं. "मग सभेत तोंडात काय धरून बसली होतीस? सरपंच तुम्हालाच विचारत होती!"

तिने पातेलं खाली ठेवलं. रागाने नाही. "तुमी गावची लेक हाये, मॅडम. लेक माहेरी येऊन चार मानसात काई मांगते, तं तिचा शब्द कसा पाडाचा? आमच्या सासूनं असं शिकवलं नाई. तुमच्या मायनंबी शिकवलं नसतं."

नसतंच शिकवलंस. मला आठवतं, आत्या माहेरी यायची आणि तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, तू हूं की चूं करायची नाहीस. ती गेली की म्हणायचीस, "लेक हाये, चार दिवसाची पावनी." मला इतके दिवस वाटत होतं की या गल्लीने मला ऐकलं. तिने मला पाहुणी म्हणून वाढलं होतं. आणि पाहुणी जायचं नावच काढणार नाही, हे बिचाऱ्यांच्या कधी ध्यानातच आलं नसेल.

त्यानंतर गल्ली शांत आहे. अशी शांत की वरच्या आळीतल्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येतो. पूर्वी निदान गाडीवाले काच खाली करून तलाव विचारायचे, मी त्यांना दोन शब्द सुनवायचे, ते हसायचे किंवा शिव्या द्यायचे, पण सुट्टीच्या दिवशी दहा माणसांशी बोलणं व्हायचं. एका मुलीने एकदा पाणी मागितलं होतं, आणि पीत पीत अंगण पाहून म्हणाली होती, किती छान घर आहे. मी तिला सुनावलं होतं, ही पाणपोई समजू नका. आता माठ भरते तो तसाच असतो, संध्याकाळी तुळशीला घालते. बायका परत येतात तोवर अंधार पडलेला असतो, त्या थकलेल्या असतात, मॅडम जेवल्या का एवढं विचारून दारं लावतात.

पुढची ग्रामसभा पावसाळ्याआधी आहे. उठून म्हणायला हवं की खांब काढा, माझं चुकलं नसेल पण मी विचारलं नव्हतं. वाक्य मनात तयार आहे, इंग्रजीतही आणि मराठीतही. पण ते बोलण्याच्या आधी मला एकदा पाहायचं होतं की मी ज्याच्यासाठी भांडले ते कसं दिसतं. म्हणून आज ही बाज.

मघाशी समोरची घरी आली होती, बेसन संपलं म्हणून. जाता जाता बाजेपाशी थांबली. वाकली, एक कुरडई उचलली, उलटी करून पाहिली, बोटांत जराशी दाबली. कडक होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अलगद होती तिथे ठेवली आणि म्हणाली, "लवकर वाळल्या वो मॅडम तुमच्या."

"ऊनच तसं आहे," मी म्हटलं.

"हो नं," ती म्हणाली, आणि बेसनाची पिशवी घेऊन माळाकडे गेली.

माय, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. चीक किती हाटायचा, मीठ कधी टाकायचं, मला काही येत नाही. तू चुलीजवळ येऊच दिलं नाहीस. या कुरडया मी काल एसटीने मालेगावला जाऊन दुकानातून आणल्या. वाळलेल्याच आहेत. पाकीट फोडून एकेक तुझ्या लुगड्यावर मांडली. कावळा एकही आलेला नाही, पण काठी मी अजून हलवतेच आहे.